आत्याचा सत्कार आणि त्यानंतर

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लष्करात नर्स होती. एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा ती पंजाबातल्या एका लष्करी इस्पितळात होती आणि मी पहिलीत. वसईतल्या नंदाखाल गावाच्या बाजूला आमचं गाव. त्या डिसेंबरात गावातल्या लोकांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. अंधार पडला की कंदिलावर फडकं टाकायचे. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. आजी मात्र रोजरी म्हणताना मध्येच थांबायची, जपमाळेचा एकच मणी बोटांत धरून बसायची, आणि मग कुणीतरी पुढची ओळ उचलायचं. लेक कुठे आहे, कशी आहे, हे तिला बरेच दिवस कळलं नव्हतं.

आत्या सुखरूप राहिली. पुढेही बरीच वर्षं नोकरी केली, मेजर म्हणून निवृत्त झाली आणि गावी परतली. तिच्या उमेदीच्या काळात लग्न केलं की नोकरी सोडावी लागे. पुढे नियम बदलला, पण तोवर तिनं तो विषय मनातून काढून टाकला होता. आमच्या घराला लागून तिनं दोन खोल्या बांधल्या. मागे केळी, थोडी सुपारी, कडेला बावखल, म्हणजे वाडीतलं लहान तळं. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जायची, आली की केळीच्या आळ्यांतलं गवत काढत बसायची. लढाईबद्दल विचारलं तर म्हणायची, "थंडी फार होती." त्यापुढे एक शब्द नाही.

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला भाषण माझ्याकडेच असायचं. त्यात "माझ्या सख्ख्या आत्यानं रणभूमीवरच्या जवानांची सेवा केली" हे वाक्य ठरलेलं. मुलं टाळ्या वाजवायची. तिनं नेमकं काय केलं ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसल्यामुळे ते वाक्य म्हणायला सोपं जायचं.

माझी मुलगीही नर्स. आत्याकडे बघून ती नर्स झाली असं आमचे नातेवाईक म्हणतात. ती म्हणते, बारावीला मार्क कमी पडले म्हणून झाले. करोनाच्या काळात ती वसई पूर्वेच्या एका खासगी हॉस्पिटलात कामाला होती. तेव्हा घरी येऊन आम्हा म्हाताऱ्यांना संसर्ग नको म्हणून दोन मैत्रिणींबरोबर तिकडेच खोली घेऊन राहायची. तिथल्या सोसायटीनं या तिघींना लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं होतं, एवढं मला कळलं होतं. बाकी तीही आत्यासारखीच. विचारलं तर म्हणायची, "काही नाही पप्पा, गरम फार व्हायचं त्या किटमध्ये."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या. चार दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. नाक्यावरची पोरं मोबाइलवर विमानं पाडत होती. मीही रोज बातम्या लावून बसायचो. आत्या माझ्या शेजारी बसायची, पण पडद्याकडे न बघता दाराकडे बघायची. एकदा मला म्हणाली, "ट्रेन किती वाजता येणार आहे?" मला वाटलं विरारला कुणी येणार आहे. त्याआधीच्या वर्षभरात ती थोडी विसरायला लागली होती. भाजीत दोनदा मीठ, मिस्सा होऊन घरी आल्यावर पुन्हा मिस्साला निघणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वय झालंय, आता अलीकडचं आधी जाईल आणि जुनं शेवटपर्यंत राहील.

जुलैत गावातल्या युवक मंडळाची मुलं आली. बहुतेक माझे विद्यार्थी. पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, आत्याचा सत्कार करायचा होता. "सर, आपल्या गावात लढाई बघितलेलं आता एकच माणूस उरलंय," त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला. तो बँकेत आहे, मुलगा चांगला. मला वाटलं, आत्या नाही म्हणेल. याआधी दोनदा अशा गोष्टीला तिनं हात जोडून नकार दिला होता.

"माइक देणार?" तिनं विचारलं.

"देणार ना, आजी. तुम्ही बोलायचंच आहे."

"मग येते."

मुलं गेल्यावर मी विचारलं, "तू बोलणार? काय बोलणार?"

"इस्पितळातल्या त्या पोरांचं सांगायचंय," ती म्हणाली. "त्यांचं मला कुणी कधी विचारलं नाही. सगळे माझंच विचारतात."

हे ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली. ती बोली मला कागदावर उतरवता येत नाही, म्हणून तिचं बोलणं इथे असं शाळेतल्या मराठीत लिहितोय. तिच्या तोंडी ते याहून कमी शब्दांत यायचं.

पंधरा ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचाही सण. आधी मिस्सा आणि मग पटांगणात झेंडा. त्या दिवशी पाऊस नव्हता, पण मांडवातून आदल्या दिवशीचं पाणी ठिबकत होतं. माझ्या बायकोनं आत्याला पांढरी साडी नेसवली. पदकं काढून लावूया का विचारलं, तर ती नको म्हणाली. मुलगी रात्रपाळी करून थेट तिकडेच आली होती. ती मागच्या खांबाला टेकून उभी राहिली.

प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक पुढारी होते. ते चांगले अर्धा तास बोलले. कुठे ही देशासाठी रक्त आटवणारी पिढी आणि कुठे आजची रील बनवणारी पिढी. या मुलांना कसली झळ लागली आहे? यांना त्याग म्हणजे काय ते ठाऊक आहे का? तरुण मुलंच जास्त जोरात टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. अशी भाषणं मी स्वतः कितीतरी केली होती.

मग आत्याला शाल दिली, नारळ दिला आणि माइक दिला.

सुरुवात तिनं छान केली. फादरांना नमस्कार, गावाला नमस्कार. "तेव्हा मी लेफ्टनंट होते," म्हणाली. "जखमी ट्रेननं यायचे. आमच्याकडे खाटा संपल्या, मग व्हरांड्यात स्ट्रेचर लावले." इथे ती थांबली. समोरच्या माणसांवरून तिची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली, खुर्च्यांच्या रांगेवरून. आणि तिचा आवाज बदलला. इतका वेळ म्हातारीचा होता, तो कामाचा झाला.

"एक नंबर. उजवा पाय मांडीपासून काढलाय. ताप आहे. ड्रेसिंग बदललं. दोन नंबर, पोटात गोळी. पाणी मागतोय, द्यायचं नाही. ओठ ओले करायचे फक्त. तीन नंबर, दोन्ही पायांची बोटं थंडीनं काळी पडलीत, अजून त्याला सांगितलेलं नाही. चार नंबर, डोळे."

पहिल्यांदा लोकांना वाटलं, ती तेव्हाचं वर्णन करून सांगतेय. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. पण ती थांबेना. नंबर पुढे जात राहिले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका आईनं मुलाला उठवून मागे नेलं. मग आत्या म्हणाली, "व्हरांडा. व्हरांड्यातल्यांना फक्त मॉर्फिन. त्यांना आत घ्यायचं नाही, असं साहेबांनी सांगितलंय."

मंडळाचा म्होरक्या पुढे झाला, हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थँक्यू आजी, खूप छान," आणि माइक घ्यायला लागला. तिनं माइक सोडला नाही. घाबरून इकडेतिकडे बघत ती म्हणाली, "पुढची सिस्टर कुठे आहे? मी ओव्हर कुणाला देऊ? अशी सोडून कशी जाऊ?"

पाळी संपली की पुढच्या नर्सला एकेक रुग्णाची हकीकत सांगून वॉर्ड ताब्यात द्यायचा, त्याला त्या लोकांत ओव्हर देणं म्हणतात. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की माझी मुलगी मागून चालत आली, व्यासपीठाच्या पायऱ्या चढली आणि आत्यासमोर सरळ उभी राहिली.

"सांगा सिस्टर. मी आलेय ड्यूटीवर."

"उशीर झाला तुला."

"हो सिस्टर. सॉरी. सांगा."

आणि आत्यानं उरलेला सगळा वॉर्ड तिला सांगितला. कुणीतरी माइक बंद केला होता. मुलगी प्रत्येक खाटेला "बरं" म्हणत होती. पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं, ते निघाले. मग राष्ट्रगीत झालं, त्याला मात्र आत्या ताठ उभी राहिली.

त्यानंतर हे रोजचं झालं. दिवसभर आत्या ठीक असायची. जेवायची, अंगणात बसायची. दिवे लागायची वेळ झाली की उठून साडी नीट करायची आणि सिस्टरची वाट बघायची. मुलगी घरी असेल तर ती समोर उभी राहून ओव्हर घ्यायची. आत्या सगळं सांगून झालं की शांत झोपायला जायची. मुलगी ड्यूटीवर असेल तर मात्र कठीण. एकदा मीच समोर उभा राहिलो. तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तू वॉर्डबॉय ना? सिस्टरला बोलव." मग तिला झोप नाही, आम्हालाही नाही.

"तू तिला या खोट्यात कशाला ठेवतेस?" मी एकदा मुलीला विचारलं. "सांग ना, लढाई संपली, ते सगळे बरे होऊन घरी गेले."

"ते नाही गेले घरी," ती म्हणाली. "आणि तिला ते माहितीये, पप्पा. ती विसरलीये ते आपल्याला."

ऑक्टोबरातली गोष्ट. आम्ही तिघं पडवीत होतो. आत्या ओव्हर सांगत व्हरांड्यापर्यंत आली आणि नेहमीचं मॉर्फिनचं वाक्य न म्हणता थांबली. मुलीनं विचारलं, "व्हरांड्यात कोण आहे, सिस्टर?"

"दोघं. शेजारी शेजारी." मग ती बराच वेळ थांबत थांबत बोलली. रक्ताची बाटली एकच होती. साहेब म्हणाले, उजवीकडच्याला लाव, तो जगेल. ती त्याला लावत होती तेव्हा डावीकडचा जागा होता, बघत होता. विशी-बाविशीचा, मिसरूड फुटलेलं. त्यानं विचारलं, "सिस्टर, उसको दे दिया?" ती म्हणाली, "हां." तो म्हणाला, "अच्छा किया."

"मला त्याच्याजवळ बसायचं होतं," आत्या म्हणाली. "पण ट्रेन आली. पुढचे स्ट्रेचर आले. परत आले तर तोंडावर चादर होती. गाव कुठलं तेही कळलं नाही, त्याच्या अंगावरच्या चिठ्ठीवर सगळं रक्त होतं."

"आणि उजवीकडचा?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीला म्हणाली, "तोही गेला. पहाटे."

मी उठून आत गेलो. स्वयंपाकघरात बायको पेजेकडे बघत उभी होती. तिनंही ऐकलं होतं. बाहेरून मग मुलीचा आवाज आला. मला वाटलं आत्याशी नेहमीसारखं "बरं, बरं" चाललंय. पण ती सलग बोलत होती.

"माझ्याकडे पण होता एक, सिस्टर. दुसऱ्या लाटेत. श्वासाचं मशीन एक होतं. त्याला लावलेलं होतं, पन्नाशीचा माणूस, बायको खाली रस्त्यावर उभी असायची. एक तरुण बाई आली, बाळंतीण. डॉक्टर म्हणाले, याचा आता उपयोग नाही, काढ आणि तिला लाव. मी काढायला गेले तर त्यानं माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं त्याला. नुसतं धरून ठेवलं. मी एकेक बोट सोडवलं त्याचं. माझ्यावाल्यानं मला अच्छा किया म्हटलं नाही, सिस्टर. तो माझ्याकडे बघत होता."

माझ्या मुलीला मी लहानपणापासून ओळखतो असं मला वाटत होतं. त्या वर्षी ती घरी परतली तेव्हा बारीक झाली होती, हाताला कुणी हात लावलेला तिला चालायचा नाही. आम्ही म्हणालो, दगदग झाली. मी तर तिला एकदा म्हणालो होतो की तुमच्या पिढीला सहनशक्ती कमी, आत्याकडे बघ. ती उठून बावखलाकडे गेली होती.

आमच्या पिढीच्या वाट्याला काय आलं याचा मी त्यानंतर बराच विचार केला. आत्याच्या वाट्याला तो व्हरांडा आला, मुलीच्या वाट्याला ते मनगट. मधल्या आम्ही लढाई रेडिओवर ऐकली आणि टीव्हीवर पाहिली, आणि कोणाची पिढी मोठी ते ठरवायचं काम करत बसलो. हे मी स्वतःला बोल लावायला लिहीत नाही. आम्हाला बरे दिवस मिळाले, ते मिळावेत म्हणूनच कुणी कुणी मेलं असेल. पण पाठीशी असे दिवस असलेल्या माणसानं तुलना करायला बसू नये, एवढं मला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कळलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं नेहमीप्रमाणे ओव्हर दिली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. व्हरांड्यातले दोघं. आणि मग म्हणाली, "आणि तो मनगट धरणारा. तो आता माझ्याकडे आहे. त्याला मी आत घेतलंय, खिडकीजवळ. तू त्याच्याकडे जाऊ नकोस. मी बघते त्याला."

मुलगी "बरं" म्हणायला गेली आणि तिला म्हणता आलं नाही. ती तिथेच पायरीवर बसली. करोना संपून इतकी वर्षं झाली, तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत्या तिच्याकडे बघत उभी राहिली. जवळ गेली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. ड्यूटीवर असताना ते करायचं नसतं, असं काहीतरी तिच्या अंगात मुरलं असावं. थोड्या वेळानं म्हणाली, "तोंड धुऊन ये. वॉर्डात असं जायचं नाही."

त्यानंतर तो माणूस आत्याच्या ओव्हरमध्ये कायम राहिला. कधी त्याला ताप असायचा, कधी त्यानं भात खाल्लेला असायचा. एकदा त्याची बायको भेटून गेली होती. बरा झाला असं मात्र ती कधी म्हणाली नाही. तिच्या वॉर्डातून कुणीच बरं होऊन गेलं नाही. ख्रिसमसनंतर तर खाटा वाढतच गेल्या. ती थकायला लागली. उभं राहवत नसे, मग खाटेवर पडून सांगायची. नंबर चुकायला लागले, की चिडायची, पुन्हा एकपासून सुरुवात करायची. माझी बायको म्हणाली, "देवा, हिला एकदा सुट्टी दे."

शेवटचे काही दिवस ती बोललीच नाही. फादर येऊन शेवटची प्रार्थना करून पवित्र तेल लावून गेले. मुलीनं रजा घेतली होती. संध्याकाळी ती खाटेजवळ उभी राहायची आणि आत्याचाच वॉर्ड आत्याला सांगायची, सगळा, व्हरांड्यासकट. आत्याचे डोळे उघडे असायचे. ऐकत होती की नाही, सांगता येत नाही. फेब्रुवारीत एका दुपारी, आम्ही जेवत असताना, ती गेली. जवळ कुणी नव्हतं. याचं मुलीला फार लागलं. मी म्हणालो, पाच मिनिटांपूर्वी तर तू तिथेच होतीस. ती म्हणाली, "तेच ना, पप्पा."

अंत्यविधीला युवक मंडळाची मुलं तिरंगा घेऊन आली. पेटीवर घालावा अशी त्यांची इच्छा होती. असा परस्पर घालता येत नाही म्हणून एका निवृत्त हवालदारानं समजावलं. मुलं हिरमुसली, पण मग चौघांनी झेंडा हातात धरला आणि दफनभूमीपर्यंत पेटीच्या पुढे चालली. ऊन कडक होतं. एकानंही मोबाइल काढला नाही. हे मला लिहून ठेवायला हवं, कारण त्यांच्याबद्दल वाईट बोलायला लोक टपलेले असतात.

एप्रिलमध्ये मुलगी जर्मनीला गेली. तिचं ते आधीपासून ठरत होतं. भाषेची परीक्षा ती दोन वर्षं देत होती. आत्यासाठी थांबली होती, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. गावातले काही म्हणाले, आताची मुलं राहत नाहीत, आईबापाला टाकून जातात. जर्मनीत ती म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आहे. फोनवर सांगते, इथे मशिनं पुरतात.

गेल्या आठवड्यात मंडळाची मुलं पुन्हा आली. येत्या पंधरा ऑगस्टला कुणाचा सत्कार करावा, सुचवा म्हणाली.

मी म्हणालो, "माझ्या मुलीचा करा."

मुलं एकमेकांकडे बघून हसली. वाईट हेतूनं नाही, मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. म्होरक्या म्हणाला, "सर, करोना झाला ना आता जुना. दुसऱ्या गावचं चालेल, पण युद्धातलं कुणी सांगा ना."

त्या रात्री फोनवर हे मी मुलीला सांगितलं. ती मग म्हणाली, "पप्पा, माझं नाव कुठे देऊ नका हां. मी माइकवर काय सांगणार?" तिला ड्यूटीवर जायचं होतं. मम्मीला गोळ्या वेळेवर द्या म्हणाली आणि फोन ठेवला.